३६ इंची पट्टी ओढणारी चेनसॉ घ्यायचीय? आधी झाडाचा घेर मोजा, मग मशीन ठरवा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. ५८ सीसीची मशीन होती २२ इंची पट्टीवाली (पट्टी म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती), ती इंजिन जाम होऊन सीज झाली, आणि आता बदली मशीन अशी पाहिजे की ३६ इंची पट्टी चालेल, कारण कामं जास्त करून जुने आंबे, फणस आणि रस्त्याकडेचे रेन ट्री अशी येतात. दुकानदार म्हणतोय की ७२ सीसीला ३६ इंची पट्टी आरामात बसते. बसते, ते खरंच आहे, बोल्ट तेच, खाच तीच. पण बसलेली पट्टी लाकडात पूर्ण बुडाल्यावर चेन फिरत राहते का हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ७२ सीसीसाठी आपल्याकडच्या लाकडात नाही असंच आहे.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात झाडं तोडायची आणि मशीन रिपेअरची अशी दोन्ही कामं करतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर खाली सिंधुदुर्गापर्यंत घरावर, रस्त्यावर पडलेली झाडं एवढी होती की मिळेल ती मशीन घेऊन लोक कामाला लागले, आणि नंतर रिपेअरला ज्या मशिनी आल्या त्यात सगळ्यात जास्त प्रकार हाच, छोटं इंजिन आणि मोठी पट्टी. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल पण पैसे वाचतील.

आधी दातांचा हिशोब बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. थ्री-एट पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप, इथे ३/८ इंच) साधी चेन असेल तर दर दीड इंचाला एक कापणारा दात येतो. २० इंच पट्टी लाकडात बुडाली की एका वेळी १३ च्या आसपास दात लाकूड खात असतात. ३० इंच बुडाली की २०, आणि ३६ इंच पूर्ण बुडाली की २४. म्हणजे इंजिनवरचा भार जवळजवळ दुप्पट. वर त्या लांब खाचेतून भुसा बाहेर काढायचं कामही चेनलाच करायचंय, दोन दातांच्या मधली जागा भुशाने भरली की पुढचं लाकूड दात घेऊच शकत नाही, नुसता घासत जातो. तीच बैलजोडी आणि नांगर दुप्पट, असं आहे ते.

आता ताकद बघा. बाजारातल्या ५८ सीसीच्या ऑनलाईनवाल्या मशिनी कागदावर सव्वादोन-अडीच किलोवॅट सांगतात. त्यावर २२ इंची पट्टी देतात ती मुळातच जास्त आहे, माझ्या मते तिला १८ योग्य. श्टील कंपनीची एमएस ३८२ घ्या, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट. एमएस ४६२ चं इंजिनही तेवढ्याच सीसीचं पण ४.४ किलोवॅट, म्हणजे नुसते सीसी बघून भागत नाही, किलोवॅट विचारायचे. हुस्क्वर्ना कंपनीची ३७२ एक्सपी ७०.७ सीसी, ३.९ च्या आसपासच. पुढचा टप्पा ९० सीसीचा, एमएस ६६१ म्हणजे ९१.१ सीसी आणि ५.४ किलोवॅट, हुस्क्वर्ना ३९५ एक्सपी ९३.६ सीसी आणि ४.९ किलोवॅट. त्याच्याही वर एमएस ८८१ (१२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट) आणि हुस्क्वर्ना ३१२० एक्सपी (११८.८ सीसी, ६.२ किलोवॅट), या दोन्ही नुसती बॉडीच दहा किलोच्या घरात, त्या फळ्या पाडायला आणि राक्षसी बुंध्यांना, रोज खांद्यावर घेऊन डोंगर चढायला नाहीत.

माझा ठोकताळा असा आहे, आणि हा हिरव्या आंब्या-रेन ट्रीसाठी आहे. ५० सीसीला १६ ते १८ इंच. ६० ला २० पर्यंत. ७० ते ७२ ला २० ते २५ इंच रोजच्या कामाला, आणि एखादवेळी २८ इंच स्किप चेन (दात लांब-लांब असलेली, खाली सांगतो) लावून. ३० ते ३६ पाहिजे तर ९० सीसीच्या खाली विचार करू नका. ३६ च्या वर १२० सीसी. लाकूड चिंच, ऐन, किंजळ, बाभूळ असलं टणक असेल, किंवा कापून वर्षभर पडून सुकलेलं असेल, तर प्रत्येक ठिकाणी एक साईज खाली या. कंपन्यांच्या तक्त्यात पट्टीची जी जास्तीत जास्त लांबी असते ती पण खोटी नसते, पण ती मर्यादा आहे, तिथे रोज काम करायचं नसतं.

आता मुद्द्याचं. तुम्हाला ३६ इंच खरंच लागते का? पुढच्या कामाला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि छातीच्या उंचीला झाडाचा घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा. ८ फूट घेराचा आंबा म्हणजे ९६ इंच, भागिले ३.१४, साडेतीस इंच जाडी. बघायला ते झाड प्रचंड वाटतं, पण २५ इंची पट्टीने एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने कापलं की निवांत होतं. १२ फूट घेर म्हणजे ४६ इंच, तिथे २५ इंची पट्टी दोन्हीकडून काठावर येते, कारण मशीनच्या तोंडावरची दातेरी स्पाईक बुंध्याला टेकवली की इंच-दीड इंच लांबी तिथेच जाते, पण झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे कापलेल्या खाचेतून पट्टीचं टोक आत घालून मधला गाभा आधी कापून घेतला तर तेही होतं. हे शिकून घ्या कोणाकडून तरी, प्रत्यक्ष समोर उभं राहून, कारण टोक आत घालताना टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटी अंगावर येते. टोकाच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची, थोडं आत गेलं की मगच सरळ ढकलायचं, आणि चेन ब्रेक (झटका बसला की चेन थांबवणारा) नीट काम करत नसेल तर हे करूच नका.

उलट ३६ इंची पट्टी लावलीत तर ३० इंच जाडीच्या बुंध्यातून टोक पलीकडे बाहेर येतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. पलीकडे दगड आहे, बांधाचा जांभा आहे, दुसरी फांदी आहे, की मदतीला आलेला माणूस उभा आहे, काही कळत नाही. लांब पट्टीचे अपघात मी ऐकलेत आणि बघितलेत ते बहुतेक या न दिसणाऱ्या टोकाचेच.

म्हणून तुमच्या कामाला माझं सरळ मत: चांगल्या कंपनीची ७० ते ७२ सीसीची मशीन, २४ किंवा २५ इंची पट्टी, आणि सोबत एक २० इंची पट्टी-चेन. महिन्यातून एखादंच झाड १२ फूट घेराच्या वर येत असेल तर त्या दिवसापुरती मोठी मशीन भाड्याने किंवा ओळखीच्या माणसासकट आणा. पण जर नगरपालिकेची, रस्ता रुंदीकरणाची कामं घेत असाल आणि १२-१४ फुटी रेन ट्री दर आठवड्याला असतील, तर मग अर्धवट काही करू नका, सरळ ९० सीसी घ्या आणि तिला ३० इंची पट्टी लावा. ३६ लावता येईल, पण ३० वर ती मशीन जशी चालते ते बघून तुम्हालाच ३६ काढून ठेवावीशी वाटेल. वजनाचाही विचार करा, ६६१ ची नुसती बॉडी साधारण साडेसात किलो, त्यावर ३६ इंची पट्टी-चेन, पेट्रोल, ऑईल धरलं की दहा-अकरा किलो होतात आणि सगळं वजन पुढे. संध्याकाळी चारनंतर दमलेल्या हातात ती मशीन कशी धरली जाईल याचा विचार दुकानात उभं राहून होत नाही.

स्किप चेनचं वर म्हटलं ते काय, तर हिच्यात दात लांब-लांब असतात, साध्या चेनला दीड इंचाला एक, हिला सव्वादोन इंचाला एक. त्यामुळे ३० इंच बुडवली तरी १३ च दात लाकडात, म्हणजे साध्या चेनच्या २० इंचाएवढेच. भुशाला जागा मिळते, इंजिन मोकळं राहतं, धार लावायला दात कमी. कापताना थोडी हिसके मारते आणि बारीक फांद्यांना चांगली नाही, पण २८ च्या वरच्या पट्टीला मी दुसरी चेन सुचवतच नाही. आपल्याकडे दुकानात तयार क्वचित मिळते, रोल असलेल्या डीलरकडून लिंक मोजून बनवून घ्यावी लागते.

तुमची ५८ सीसी सीज का झाली तेही बघून घ्या, नाहीतर नवीन मशीनचंही तेच होईल. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा, रस्सी हळू ओढून पिस्टन भोकासमोर आणा आणि टॉर्च मारा. पिस्टनची बाजू गुळगुळीत, करड्या रंगाची दिसली पाहिजे. तिथे उभ्या ओरखड्यांचे पट्टे दिसत असतील, ॲल्युमिनियम चोपडल्यासारखं सिलिंडरच्या भिंतीला लागलेलं असेल, तर ती गरम होऊन गेलीय. मग क्लचचं ड्रम बघा. ते निळं-जांभळं पडलं असेल तर मोठ्या पट्टीखाली चेन थांबत होती आणि ॲक्सिलरेटर दाबूनच ठेवलेला होता, क्लच आत घसरत होता, त्याची सगळी उष्णता ड्रमला, तिथून ऑईल पंपाला आणि क्रँकच्या सीलला. सील कडक झालं की हवा ओढते, हवा ओढली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पातळ मिश्रणावर पिस्टन जातो. बाहेरून माणूस म्हणतो ऑईल कमी पडलं असेल, पण सुरुवात पट्टीपासून झालेली असते. सिलिंडर-पिस्टनचा सेट या मशिनींना स्वस्तात मिळतो, सीलसकट बदलून घ्या, १६ किंवा १८ इंची पट्टी लावा आणि फांद्या छाटायला ठेवा, टाकून देऊ नका.

कापताना कान द्या. या इंजिनांची ताकद साधारण ९,००० ते १०,००० आरपीएमला असते. लाकडात गेल्यावर आवाज थोडा खाली येऊन तिथेच स्थिर राहिला पाहिजे आणि पायाशी जाड ढलप्या पडल्या पाहिजेत. आवाज घोगरा होत खाली-खाली चाललाय आणि तुम्ही स्पाईकवर जोर देताय, तर एक तर धार गेलीय नाहीतर पट्टी इंजिनला जास्त झालीय. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार. ढलप्या बऱ्या पडतायत तरी इंजिन दम टाकतंय तर पट्टी. एवढं ओळखता आलं तरी निम्म्या मशिनी वाचतील.

ऑईलचा मुद्दा लांब पट्टीला सगळ्यात जास्त आणि लोक विचारतच नाहीत. पंप जेवढं तेल टाकतो तेवढंच टाकणार, तुम्ही पट्टी २० ची ३६ केली म्हणून तो जास्त टाकत नाही. मशीन घेताना विचारा की पंपाला कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का, आणि मोठ्या पट्टीला जास्त तेल देणारा पंप त्या मॉडेलला मिळतो का. तपासायची पद्धत सोपी, पट्टीचं टोक कोऱ्या कागदासमोर किंवा सुक्या खोडाच्या कापलेल्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा, लाकडाला लावू नका, आणि मशीन रेस करा, दहा-पंधरा सेकंदात तेलाची रेघ उमटली पाहिजे. दुसरं असं की पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत चेन ऑईलची टाकीही संपत आलेली असली पाहिजे, अर्धी भरलेली राहत असेल तर पंप कमी टाकतोय. आणि गॅरेजमधलं जळकं ऑईल चेनला घालणं बंद करा, सगळे घालतात म्हणून घालू नका. त्यातला लोखंडाचा बारीक चुरा पंपाला आणि पट्टीच्या खाचेला खातो, शिवाय ते हवेत उडून तुमच्या चेहऱ्यावर, हातावर बसतं आणि ते अंगाला वाईट आहे. पट्टीची किंमत बघितलीत, विशेषतः ३० इंचाच्या पट्टीची, तर चेन ऑईलचे पैसे किरकोळ वाटतील.

पट्टी-चेन जुळवताना चार गोष्टी बघायच्या. पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं. तुमच्या ५८ सीसीला बहुतेक .३२५ असेल, ७० ते ९० सीसीला थ्री-एट, त्याच्या वर .४०४. मग गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेची रुंदी, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर हे मोठ्या मशिनींना चालणारे. मग खालच्या ड्राईव्ह लिंकची संख्या, थ्री-एटमध्ये २० इंचाला साधारण ७२ आणि २४ ला ८४, पण कंपनीप्रमाणे एखाद-दोन इकडेतिकडे होते म्हणून जुनी चेन मोजूनच घ्या. आणि चौथं पट्टीच्या शेपटाची खाच, श्टीलची हुस्क्वर्नाला बसत नाही. म्हणजे तुमच्या जुन्या .३२५ च्या पट्ट्या-चेन नवीन मशीनला वापरता येणार नाहीत, तो खर्च आधीच धरा. कानसही बदलते, .३२५ ला ४.८ मिलिमीटर, थ्री-एटला ५.२, .४०४ ला ५.५. दाताच्या पुढचा जो बुटका खुंट असतो तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली पाहिजे, .४०४ ला ०.८. चेन लवकर कापावी म्हणून काही जण तो खुंट जास्त घासून टाकतात, ते लांब पट्टीला तर अजिबात करू नका, प्रत्येक दात झेपेल त्यापेक्षा जास्त लाकूड धरतो आणि इंजिन पुन्हा तिथेच अडकतं.

आपल्याकडे घराजवळच्या आंब्याला खिळे, तारा, कपडे वाळत घालायचे हूक हमखास असतात आणि रस्त्याकडेच्या झाडांना बोर्ड ठोकलेले असतात, ते लाकडात गिळले जातात. २० इंची चेनला खिळा लागला तर दात कमी, अर्ध्या तासात धार परत येते. ३६ इंची साध्या चेनला पन्नासच्या वर दात, तो निम्मा दिवस जातो. हे पण लांब पट्टीच्या विरोधातच जातं.

फणसाच्या ओंडक्यांच्या जागेवरच फळ्या पाडायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय, कारण उतारावरून ओंडका रस्त्याला आणणं परवडत नाही. ते काम वेगळं. तंतूंच्या दिशेने उभं कापायला आडव्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते आणि इंजिन मिनिटामागून मिनिटं पूर्ण लोडवर राहतं. तिथे ९० सीसी ही सुरुवात समजा. चेन १० अंशाला घासलेली लागते, नेहमीचे ३० अंश चालत नाहीत, आणि फणसाचा चीक पट्टीच्या खाचेत बसतो तो दर काही फुटांनी खरवडून काढावा लागतो. हे तुमच्या उत्पन्नाचा मोठा भाग होणार असेल तर ९० सीसी घ्यायला हेही कारण मला पटतं.

स्वस्त पर्याय म्हणून तुम्हाला दोन गोष्टी दाखवतील. एक, ७२ सीसीच्या कॉपी मशिनी, श्टीलच्या जुन्या ३८१ सारख्याच दिसणाऱ्या. काही चालतात, पण त्यांच्यावर २५ इंचाच्या वर पट्टी लावून रोज काम काढायचं म्हणजे तुम्ही परत सहा-आठ महिन्यांनी हाच प्रश्न विचारणार. दोन, श्टीलच्या जुन्या ०७० च्या कॉपी, १०५ सीसीच्या. ताकद आहे, ३६ इंच ओढते पण. तरी नको. त्या डिझाईनला चेन ब्रेकच नाही, अंगात येणारा थरथराट अडवायला रबरं नाहीत, वजन दहा किलोच्या वर. ब्रेक नसलेल्या मशीनला लांब पट्टी ही मी कोणालाही सुचवणार नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि हाताने ट्यून करायच्या कार्बोरेटरच्या मशिनींना श्टीलच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच सांगितलेलं असतं. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ जातं, म्हणून नवीन मशीन डीलरकडून याच पेट्रोलवर ट्यून करून घ्या. पेट्रोल-ऑईलचं मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच बनवा, विशेषतः पावसाळ्यात, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. मशीन आठ-पंधरा दिवस ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल मशीनच्याच कंपनीचं असेल तर लिटरला २० मिली, दुसरं टू-स्ट्रोक असेल तर ४०.

परवानगीचं तुम्हाला माहीत असेलच, पण आंबा, फणस, ऐन, किंजळ, चिंच, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, मालकाच्या खासगी जागेतली असली तरी. कागद हातात आल्याशिवाय मशीन गाडीत टाकू नका, नाहीतर नवीन मशीनच जप्त होईल.

घ्यायला जाल तेव्हा ब्रँडच्या आधी हे बघा की तुमच्यापासून दीड-दोन तासात त्या कंपनीचा सर्व्हिसवाला आहे का आणि त्याच्याकडे त्या मॉडेलचा क्लच, ऑईल पंप, रस्सीचं पुली-स्प्रिंग शेल्फवर आहे का, "मागवून देतो" नको. त्याला तिथेच चेन चढवून मशीन चालू करायला लावा, गरम झाल्यावर आयडलवर चेन फिरत नाहीये ना ते बघा, ब्रेक पुढे ढकलून रेसचा हलकासा झटका द्या, चेन जागची हलता कामा नये. मग वर सांगितलेली कागदावरची तेलाची रेघ. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. आणि तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या दोन-तीन कामांचे घेर मोजून मला पाठवा, कोणतं लाकूड आहे तेही लिहा, म्हणजे ७२ वर भागतं की ९० च घ्यावी लागेल ते नक्की सांगतो.